आधी हमाली सांगा

"आधी हमाली सांगा," आबा म्हणाले, आणि ज्योतिबा ओव्हाळच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

झालं होतं एवढंच. दौंडच्या फलाटावर सोलापूरकडची गाडी लागली, पहिल्या वर्गाच्या डब्यातून, ज्योतिबा ज्यांना न्यायला आला होता ते त्याच्या संस्थेचे सल्लागार साहेब उतरले, त्यांच्यामागून परदेशच्या देणगीदार मंडळाच्या हेल्गाबाई उतरल्या, आणि साहेबांनी इकडंतिकडं बघून समोर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या पायाशी आपली चामड्याची बॅग ठेवली. "चल बाबा, बाहेर जीपपर्यंत." तो म्हातारा म्हणजे ज्योतिबाचा बाप, म्हस्कू ओव्हाळ. इंजिनांच्या शेडमधून निवृत्त होऊन वर्षं झाली, पण रेल्वेचा विटका निळा कोट अंगावरून उतरत नव्हता, आणि रोज सकाळी फलाटावर येऊन बसल्याशिवाय त्यांचा चहा पचत नव्हता. साहेबांचा तरी काय दोष? निळा कोट, काळा माणूस, स्टेशन. आबा रागावले नाहीत, उठलेही नाहीत. बाजारात वांग्याचा भाव विचारावा तसं त्यांनी हमालीचं विचारलं. आणि ज्योतिबाला नुसतं एवढं म्हणायचं होतं की साहेब, हे माझे वडील. तोंडात आलेलं होतं ते. पण त्याच्याऐवजी तो हसला. हसला, मेल्यासारखा हसला, वाकला आणि बॅग उचलून म्हणाला, "असू द्या साहेब, मी घेतो ना." जिन्यापाशी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. आबा पाणी भरणाऱ्या इंजिनाकडं बघत होते.

जीप दौंड सोडून निघाली तरी ते हसू ज्योतिबाच्या गालावर चिकटून राहिलेलं होतं. तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागं साहेब हेल्गाबाईंना इंग्रजीतून हा मुलूख समजावत होते, इथला पाऊस, इथला ऊस, बहात्तरचा दुष्काळ. बाई मान हलवत होत्या, मधूनच काच खाली करून उन्हात डोळे बारीक करत होत्या. ज्योतिबाचं लक्ष बॅगेकडं. ती त्यानं मांडीवर घेतली होती. मागं टाकायची सोडून मांडीवर का घेतली हे त्याचं त्यालाच कळेना. कातड्याचा वास येत होता. कातड्याचा वास आला की आबांची एक गोष्ट त्याला हटकून आठवायची, आणि ती आठवायला नको असेल त्या दिवशी तर नक्कीच.

ती गोष्ट निमोण्याच्या वाटेवरच्या त्या वाडीची, जिथं ही जीप आज चालली होती. आबा मूळचे तिथले. पाटलाचा बैल मेला की ओढायचा ह्यांनी, चावडीवर साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं ह्यांनी, लाकडं फोडायची, सांगावे न्यायचे, मैताची बातमी घेऊन परगावी जायचं, आणि ह्या सगळ्याला मजुरी म्हणाल तर पदरात पडेल ती शिळी भाकर. धर्म बदलला त्या साली आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघं चावडीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, काम सांगा, करतो, पण आधी मजुरी सांगा. बस. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी, शिवी दिली नाही, हात उचलला नाही. पण गावानं दळण बंद केलं, दुकान बंद केलं, रानातली वाट बंद केली. आबा दौंडला आले आणि रेल्वेत कोळसा ओढायला लागले. महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडला की ते तो दोनदा मोजायचे, असं आई सांगायची. धाकटा भाऊ मात्र गेला नाही. तो आणि त्याची बायको सगुणाबाई वाडीतच राहिली, तरवड्याचा पाला उकडून खाल्ला म्हणतात, पण चावडीची पायरी पुन्हा चढली नाहीत. भाऊ पुढं वारला. सगुणाबाई होती. ज्योतिबाची सख्खी चुलती.

लहानपणी ही गोष्ट ऐकून ऐकून तो कंटाळला होता. आबा जेवताना सांगायचे, गाडीत सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, आणि शेवट ठरलेला: फुकट हात हलवायचा न्हाई, जोतिबा, एकदा हलवला की तो आपला राहत न्हाई. कॉलेजात गेल्यावर त्याला ह्याची लाज वाटायला लागली. सारखं काय ते मजुरी मजुरी! जगात दुसरी काही भाषा आहे की नाही? कॉलेजात त्यानं दुसरी भाषा ऐकली. समाज, विकास, सहभाग. श्रमदान हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो त्याला धुतल्या कपड्यासारखा वाटला होता. शिरूरला परदेशी मदतीची संस्था निघाली, तिला गावोगाव फिरणारा संघटक पाहिजे होता, आणि इंग्रजी येणारा, खेड्यातला, त्यातून 'त्यांच्यातला' असा उमेदवार मिळाल्यावर संस्थेला आभाळ ठेंगणं झालं. ज्योतिबालाही झालं. खोटं कशाला बोला? पहिल्या पगाराचं धोतराचं पान त्यानं आबांना नेलं, तेव्हा आबांनी विचारलं होतं, काम काय? तो म्हणाला, लोकांकडून विहिरी खणून घ्यायच्या. आबा म्हणाले, मजुरी कोण देतं? तो म्हणाला, आबा, त्यांचीच विहीर, त्यांना मजुरी कशाला! आबा त्या दिवशी काही बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ज्योतिबाला आता जीपच्या धक्क्यांत वाटत होतं.

न्हावरं मागं पडलं. रस्त्याला उसाची बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरनं तोंडातल्या तोंडात शिवी घातली. साहेब मागून म्हणाले, "ओव्हाळ, बाईंना त्या विहिरीचं सांगा की. तुमचंच काम ते." ज्योतिबानं मान वळवली आणि इंग्रजीतून सांगायला सुरुवात केली. दुष्काळात सगळी वाडी एक झाली. लोकांनी आपल्या वाट्याचं काम विनामोबदला केलं. तो हे कित्येकदा बोलला होता. आज मात्र बोलताना त्याला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला, फलाटावर हसला होता ना, त्या माणसाचा.

खरं कसं झालं होतं ते त्याला पाठ होतं. संस्थेचा नियम होता: दगड फोडायला सुरुंग, सिमेंट, इंजिन, सगळं परदेशच्या पैशातून, फक्त माती-मुरूम उपसायचं काम वस्तीनं फुकट करायचं, म्हणजे विहीर आपली वाटते. विहीर मिळायची होती ती बौद्धवाड्याला. त्यांचाच आड आटला होता, आणि संस्थेचे तेव्हाचे प्रमुख पीटरसाहेब मनापासून म्हणत होते की सगळ्यात तळाच्या माणसाला आधी. ज्योतिबा वाड्यात गेला, समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक घेतली, तासभर बोलला. त्याला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. कुणी वाजवल्या नाहीत. मग सगुणाबाई उठली. रापलेली, वाळलेली, कपाळावरून पदर घेतलेली.

"समदं कळलं, बाबा. फकस्त मजुरी सांग."

"काकी, तुमचीच विहीर हाय. तुमच्याच विहिरीला मजुरी?"

"सरकारच्या खडीवर गेलं तर सांजच्याला पैसं मिळत्यात, तवा चूल पेटती. तुझ्या हिरीवर दिसभर गेलं तर पोरास्नी काय घालू? माती?" आणि मग आवाज खाली आणून, जणू ओट्यावर दुसरं कुणी नाही असं, "आन् दुसरं, लेकरा, तुला ठावं हाय. तुझा बाप आन् माझा मालक चावडीम्होरं कशापायी हुबं ऱ्हायलं, त्ये तुला मी सांगू?"

तो चिडला होता. काय चिडला होता! ओट्यावर पीटरसाहेब बसलेले, त्यांना मराठी कळत नव्हती, पण नाही म्हटलेलं कुणालाही कळतं. ज्योतिबाला वाटलं, ही माझी माणसं, आणि ह्यांनीच माझं नाक कापावं? परतीच्या वाटेवर पीटरसाहेबांनी विचारलं, काय म्हणत होत्या त्या? आणि तो म्हणाला, त्यांची तयारी नाही. दोन शब्दांत. चूल नाही सांगितली, चावडी नाही सांगितली. साहेब, ह्यांना मजुरी द्या, ह्यांचं कारण वेगळं आहे, असं म्हणून बघायला काय लागत होतं? साहेब नाही म्हणाले असते कदाचित. पण कदाचित होयही म्हणाले असते. माणूस बरा होता तो. त्यानं विचारलंच नाही. लाज वाटली. मागायची लाज.

मग विहीर वरच्या वस्तीला गेली. वरची वस्ती म्हणजे पूर्वीची मेंढरं राखणारी घरं, आता शेतीत स्थिरावलेली. आपल्या वाट्याचं काम फुकट करतो म्हणाली ती, आणि केलं कसं? बौद्धवाड्यातली माणसं रोजावर लावून! गडी खाली उतरून मुरूम फोडत होते, बाया पाट्या भरून वर आणत होत्या, त्यात सगुणाबाई होती. वस्तीनं मजुरी चोख दिली, कुणाचा पैसा बुडवला नाही. संस्थेच्या अहवालात ते श्रमदान म्हणून गेलं. पीटरसाहेबांनी फोटो काढले, पाट्यांची ती लांब रांग, आणि ज्योतिबा शेजारी उभा राहून म्हणाला होता, बघा साहेब, सगळी वाडी. सगुणाबाईनं पाटी रिकामी करताना त्याच्याकडं पाहिलं होतं. रागानं नव्हे. रागानं पाहिलं असतं तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

जीप थांबली. विहीर चांगली बांधलेली होती, ते कुणीही कबूल करील. दगडी कठडा, कठड्यावर रहाट, आणि एका दगडावर संस्थेचं नाव कोरलेलं. रहाटाशी पार्वतीबाई होती, वस्तीवरची, हसतमुख बाई. दुष्काळात ज्योतिबाला तिनं कितीदा ताकही पाजलं होतं, अर्थात वरून, ओंजळीत. आणि कठड्यापासून चार हात अलीकडं, लिंबाच्या सावलीत, रिकामे हंडे पुढं ठेवून बौद्धवाड्यातल्या तीन-चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यात सगुणाबाई. म्हातारी झाली होती. तिनं हात जोडले, "जय भीम, जोतिबा. म्हस्कूभावजी बरं हायेत का?"

"बरे हायेत, काकी."

"थांबा गं, आले," पार्वतीबाई लिंबाकडं बघून म्हणाली, आपला हंडा भरून बाजूला ठेवला, आणि मग एक बादली काढून त्यांच्यातल्या एकीच्या हंड्यात वरून, अंतर राखून, ओतायला लागली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही दुष्टावा नव्हता. ओतता ओतता ती त्या बाईला तिच्या बाळंत झालेल्या लेकीचं विचारत होती. बाईही सांगत होती, मुलगी झाली, डोळं बापाचं आल्यात. पाणी हंड्याच्या काठावरून सांडत होतं, आणि ते सांडलेलं पाणी त्या बाईनं पायानं लिंबाच्या आळ्याकडं वळवलं. ज्योतिबा ह्या वाडीला वर्षातून दोन-चारदा यायचा. हे त्यानं पाहिलं नव्हतं असं नाही. पण येताना तो वेळच अशी धरायचा की विहिरीवर कुणी नसावं, हे आज त्याच्या ध्यानात आलं.

हेल्गाबाईंची नजर तीक्ष्ण होती. त्यांनी इंग्रजीतून विचारलं, ह्या बायका बसून का आहेत? स्वतः का काढत नाहीत?

ज्योतिबानं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर पुन्हा एकदा सगळं आलं, फलाटावर आलं होतं तसंच. बाई, त्यांनी ही विहीर खणली आहे आणि त्यांना हिचा रहाट शिवता येत नाही. ही विहीर त्यांच्या दारात व्हायची होती. ती झाली नाही ती माझ्यामुळं. एवढं बोललो की नोकरी जाईल का? जाईल कदाचित. घरात आबा, बायको, पोरं. पण खरं सांगायचं तर नोकरीचा विचार त्याच्या मनात नंतर आला. आधी आली ती साहेबांची बॅग. ती अजून त्याच्या हातात होती. जीपमधून उतरताना त्यानं ती बरोबर घेतली होती, आणि बॅग हातात असलेल्या माणसानं असं काही बोलायचं नसतं, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "विसावा घेतायत."

साहेब मदतीला धावले. "त्यांची वस्ती वेगळी आहे, बाई. त्यांना आपण आधी विचारलं होतं. त्यांनी काम करायला नकार दिला. आपले ओव्हाळ त्यांच्यातलेच, त्यांनीच तेव्हा तसं कळवलं होतं. नाही का, ओव्हाळ?"

हेल्गाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. निळे, स्वच्छ, थकलेले डोळे. त्यानं मान हलवली. होय म्हणून.

सगुणाबाई उठून जवळ आली. कुणी मराठीत बोलत नसलं तरी आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं होतं, आयुष्यभर तिला ते कळतच आलं होतं. "काय म्हणत्यात बाई? हिरीचं बोलत्यात का आमच्या?"

"काकी..."

"आरं, पैसं हायेत का त्यांच्याकडं अजून? संस्था हलणार म्हणत्यात शिरूरमधनं."

ते खरं होतं. वर्षअखेर संस्थेचं काम दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतं, आणि शेवटच्या एका विहिरीचे पैसे शिल्लक होते. ते कुठं द्यायचे ते ठरवायलाच हेल्गाबाई आल्या होत्या. ज्योतिबाला वाटलं, अजून वेळ आहे की! आज मागू. मजुरीसकट मागू. बाई दिसायला समंजस आहेत, समजावून सांगू, चूल सांगू, चावडी सांगू. त्यानं बॅग खाली ठेवली. खरंच ठेवली, मातीत, आणि बाईंकडं वळला.

आणि त्याचवेळी सगुणाबाई म्हणाली, "त्यास्नी सांग, आम्ही फुकट खणतो म्हणावं."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणलीस, काकी?"

"फुकट खणतो. मजुरी नगं." ती त्याच्याकडं बघत नव्हती, कठड्याकडं बघत होती. "माझी सून येती रोज हितं. तास तास बसती. नातीला घिऊन बसती. त्या पोरीला वाटतं पाणी असंच मिळत असतंय, वरनं. मला न्हाई बघवत, जोतिबा. चावडीचं त्ये म्हाताऱ्यांच्या संगं गेलं. आता फुकट तर फुकट. सांग त्यास्नी."

बाकीच्या बाया माना खाली घालून बसून राहिल्या. पार्वतीबाईची बादली रहाटाला तशीच लोंबत राहिली. ती म्हणाली, "आमाला का पाणी द्यायाला कमी हाय व्हय, सगुणाबाई?" आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"काय म्हणतायत त्या?" हेल्गाबाईंनी विचारलं.

त्या दिवसभरात ज्योतिबानं एकच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, ते हे. त्यात त्यानं काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ते सांगायला फार सोपं गेलं. हेल्गाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पुढं होऊन सगुणाबाईचे दोन्ही हात हातात घेतले, असे घेतले की वस्तीवरच्या बाया बघतच राहिल्या. साहेब म्हणाले, "बघा! सहा-सात वर्षांत माणसं किती बदलतात. ओव्हाळ, हे तुमच्या कामाचं यश." बाईंनी जागेवरच सांगितलं की शेवटची विहीर बौद्धवाड्याला. ज्योतिबानं ते सगुणाबाईला सांगितलं. तिनं "बरं झालं" म्हणून डोळ्यांना पदर लावला. मग आपला हंडा उचलून परत लिंबाखाली आपल्या जागी जाऊन बसली, कारण तिची पाळी अजून यायची होती.

निघताना साहेबांनी बॅगेची माती झटकून ती पुन्हा त्याच्या हातात दिली.

पाहुण्यांना शिरूरला सोडून एस.टी.नं दौंडला पोचेपर्यंत दिवस कलला होता. खोलीच्या दारात आबा कोट घालून बसले होते, त्याचीच वाट बघत. बायकोनं ताट वाढलं. ज्योतिबा हातपाय धुऊन आबांसमोर बसला. आबांच्या तोंडाकडं बघायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सकाळचं ते काही बोलले तर बरं, न बोलले तर आणखी बरं, असं चाललं होतं त्याच्या मनात.

"सगुणा कशी हाय?"

"बरी हाय. तुमची चौकशी केली तिनं." मग घास न घेताच तो म्हणाला, "आबा, वाड्यात हीर होणार हाय. आज ठरलं."

आबांचा चेहरा असा उमलला की ज्योतिबाला तो लहानपणी पगाराच्या दिवशी दिसायचा तो चेहरा आठवला. म्हातारा दोन्ही गुडघ्यांवर हात मारून हसला. "झाली का अखेर! सगुणीनं करून घेतली! माझा भाऊ असता तर नाचला असता." आणि लगेच, नेहमीच्या सवयीनं, "मजुरी काय ठरली?"

ज्योतिबानं भाकरी मोडली. पुन्हा मोडली. ताटात तुकडे झाले.

आबा वाट बघत राहिले. मग त्यांचं हसू हळूहळू आत गेलं. त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट घडी करून मांडीवर ठेवला. बराच वेळ ते त्या कोटावरून हात फिरवत होते. बाहेर यार्डात इंजिन डबे ढकलत होतं.

"आन् सकाळची?" ते म्हणाले. "त्या बॅगेची? दिली का त्यानं हमाली?"

"न्हाई, आबा."

"मागितलीस?"

"न्हाई."

आबांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "देत न्हाईत त्ये मला ठावं हाय, लेकरा," ते म्हणाले. "मागायची तरी."

ज्योतिबानं ताट पुढं सरकवलं. "जेव," आबा म्हणाले, "गार व्हतंय," आणि कोट घेऊन आत गेले.